मोटर नुसतीच गुरगुरतेय? नवा ड्रायव्हर मागवण्याआधी हे तपासा

गेल्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी मामांच्या नव्या घरासाठी सागवानी पाटी माझ्या सीएनसीवर (संगणकाच्या हुकुमाने कोरणाऱ्या यंत्रावर) कोरायला घेतली होती. अक्षरं चारच, ‘मातृछाया’. पहिल्या दोन फेऱ्या झकास गेल्या. तिसऱ्या फेरीत ‘छाया’ची शिरोरेषा ‘मातृ’च्या शिरोरेषेपासून दीड मिलिमीटर खाली घसरली. रेघेला चक्क पायरी पडली. मी लगेच निदान करून टाकलं की वाय अक्षाचा ड्रायव्हर, म्हणजे मोटरला प्रवाह देऊन फिरवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी, गेला. पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन तीन नवे ड्रायव्हर आणले. पहिला लावला, पायरी तशीच. दुसरा लावताना घाई केली, मोटरची पिन चालू यंत्रातून ओढली आणि तो ड्रायव्हर खरोखरच मेला. खरा गुन्हेगार सापडला चौथ्या दिवशी: मोटरचा दांडा लीडस्क्रूला (अक्ष सरकवणाऱ्या आट्यांच्या लांब दांड्याला) जोडणाऱ्या कपलरचा ग्रब स्क्रू (दांडा पकडणारा बिनडोक्याचा स्क्रू) अर्धा आटा सैल झाला होता.

तेव्हापासून ओळखीच्या चार-पाच जणांची यंत्रं दुरुस्त करून दिली. ‘ड्रायव्हर गेला’ म्हणून आलेल्या यंत्रांपैकी बहुतेकांत ड्रायव्हर ठणठणीत होता. म्हणून खालचा क्रम लिहितोय. तो मुद्दाम असा लावलाय की फुकटातल्या तपासण्या आधी आणि पैसे खर्च करणं शेवटी.

माझं यंत्र म्हणजे घरगुती सीएनसीचं सर्रास दिसणारं रूप: आर्डुइनो उनो (हुकूम देणारा छोटा बोर्ड), त्यावर सीएनसी शील्ड आवृत्ती ३ (ड्रायव्हर बसवायचा बोर्ड), त्यावर ए-४९८८ ड्रायव्हर, नेमा-१७ मापाच्या स्टेपर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या, मोटरी, २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि आर्डुइनोत जीआरबीएल (यंत्र चालवणारा प्रोग्रॅम). तुमच्याकडे डीआरव्ही-८८२५ असतील तरी हाच क्रम चालेल, फरक आहे तिथे सांगतो. काळ्या डब्यातले टीबी-६६०० किंवा डीएम-५४२ असतील तर पायरी ८ आधी वाचा. एक सूचना: जीआरबीएलच्या आज्ञा मी इथे देवनागरी आकड्या-अक्षरांत लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी आकडे आणि अक्षरं वापरा.

जवळ काय हवं

- मल्टिमीटर. साधा चालेल, पण ०.१ व्होल्टचा फरक नीट दाखवणारा हवा.
- बारीक स्क्रू ड्रायव्हर, शक्यतो सिरॅमिक किंवा प्लास्टिक टोकाचा. (पुढे ‘ड्रायव्हर’ म्हटलं की इलेक्ट्रॉनिक पट्टीच समजा.)
- एलन की संच, १.५ आणि २ मिलिमीटरच्या कीसह.
- मार्कर पेन, कागदी चिकटपट्टी आणि वही. वहीला हसू नका.
- मोटरवरच्या लेबलचा फोटो. दर फेजला (गुंडाळीला) किती अँपियर, हा आकडा पुढे लागतो.

सगळ्यात आधी दोन पथ्यं

एक, वीज चालू असताना मोटरची पिन काढायची नाही आणि घालायचीही नाही. मोटरच्या गुंडाळीतून प्रवाह वाहत असताना तो अचानक तोडला की गुंडाळी उलटा दणका देते आणि तो थेट ड्रायव्हरच्या चिपवर बसतो. माझा दुसरा ड्रायव्हर असाच गेला. ना ठिणगी, ना धूर, नुसता ‘टक्’. टर्मिनलमधली सैल वायरही हाच उद्योग करते, फक्त हळूहळू.

दोन, जाळीच्या पत्र्याच्या एसएमपीएसला पुढच्या बाजूला २३० व्होल्टचे स्क्रू उघडेच असतात. त्यावर झाकण बसवा, अर्थिंगची वायर जोडा आणि आत हात घालण्याआधी प्लग बोर्डातून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर ‘बंद’ यंत्रातही फेज हजर असते.

पायरी १: आधी लक्षण लिहा

‘चालत नाही’ हे लक्षण नव्हे. काय होतंय ते वहीत नेमकं लिहा, कारण त्यावरच पुढची वाट ठरते.

- मोटर पूर्ण शांत आहे, दांडा हाताने सहज फिरतो: वीज, एनेबल (ड्रायव्हर चालू-बंद करणारा संकेत) किंवा सेटिंग. पायरी २ आणि ६.
- मोटर थरथरते, गुरगुरते, पण फिरत नाही किंवा वाटेल त्या दिशेला उड्या मारते: बहुतेक वेळा वायरिंग. पायरी ३.
- पाच-दहा मिनिटं छान चालते, मग अडखळते, थोडं थांबलं की पुन्हा चालते: ड्रायव्हर तापून स्वतःला बंद करतोय. पायरी ४.
- फिरते, पण मापाच्या निम्मी किंवा दुप्पट: जंपर (दोन पिना जोडणारं छोटं टोपण) किंवा सेटिंग. पायरी ४ आणि ६.
- मध्येच जागा चुकते, शिरोरेषेला पायरी पडते: पायरी ७. आणि कृपया तिथे पोचेपर्यंत काहीही विकत घेऊ नका.

इथे नवख्यांची एक गफलत होते. स्क्रीनवर एक्स-वायचे आकडे पळताना दिसतात, म्हणजे मोटरला हुकूम पोचतोय असं वाटतं. ते आकडे म्हणजे आर्डुइनोने काय सांगितलं त्याचा हिशेब. साध्या स्टेपर मोटरकडून परत काहीच कळवलं जात नाही. मोटर काढून घरी ठेवली तरी आकडे तसेच पळतील.

पायरी २: वीज खरंच पोचतेय का?

आर्डुइनोला यूएसबीतून ५ व्होल्ट मिळतात आणि तेवढ्यावर जीआरबीएल आनंदाने जोडलं जातं. मोटरींची वीज वेगळी, शील्डच्या निळ्या टर्मिनलमधून येते. एसएमपीएस बंद असला तरी संगणकावर सगळं सुरळीत दिसतं. हसण्यासारखी चूक आहे, आणि मी ती दोनदा केलीय.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा आणि शील्डच्या टर्मिनलवर मोजा, एसएमपीएसपाशी नव्हे. मग संगणकावरून अक्ष पुढे-मागे हलवत ठेवा आणि पुन्हा बघा. २४ चे २३.८ झाले तर हरकत नाही. १९-२० वर डुबकी मारत असेल तर एसएमपीएस अपुरा आहे किंवा वायर बारीक आहे. टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळा. वायरीचं प्लास्टिक स्क्रूखाली चिमटलं गेलं असेल तर बाहेरून घट्ट दिसतं आणि आत तांब्याला पुरता स्पर्शच नसतो.

बऱ्याच एसएमपीएसच्या बाजूला ११० आणि २२० असं सरकवायचं छोटं बटण असतं. आपल्याकडे ते २२० किंवा २३० च्या बाजूलाच हवं. ११० वर ठेवून आपल्या प्लगात घातलं तर मोठा आवाज होतो आणि खोलीभर वास सुटतो. नवा एसएमपीएस डब्यातून काढला की पहिली नजर तिथे टाका.

ए-४९८८ ला मोटरीसाठी ८ ते ३५ व्होल्ट चालतात, डीआरव्ही-८८२५ ला ८.२ ते ४५. शील्डवर ३६ व्होल्टपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, ते डीआरव्हीच्या भरवशावर. ए-४९८८ लावून ३६ व्होल्ट दिले तर मर्यादा ओलांडलीत. २४ वर सुखात राहा.

पायरी ३: वायरींच्या जोड्या

नेमा-१७ मोटरीतून चार वायरी निघतात, म्हणजे दोन गुंडाळ्या, प्रत्येकीची दोन टोकं. एका गुंडाळीची दोन टोकं शील्डवर शेजारी-शेजारी हवीत: पहिल्या दोन पिना एका गुंडाळीच्या, पुढच्या दोन दुसरीच्या. एक टोक इकडचं आणि एक तिकडचं झालं की मोटर जागच्या जागी थरथरते. फ्रीजवर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यासारखा आवाज येतो.

वीज बंद करा, मोटरची पिन काढा. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून दोन-दोन वायरी तपासा. एका गुंडाळीच्या टोकांमध्ये साधारण दोन-तीन ओहम दिसतील, काही मोटरीत थोडे जास्त. वेगवेगळ्या गुंडाळ्यांमध्ये काहीच दिसता कामा नये. एका जोडीत २.४ आणि दुसरीत काहीच नाही, तर गुंडाळी किंवा वायर तुटलीय. मोजताना वायर पिनेपाशी हलवून बघा. दाबून बसवलेल्या पिनेतली अर्धवट तुटलेली वायर स्थिर असताना बरोबर आकडा दाखवते आणि अक्ष धावायला लागला की सुटते.

मल्टिमीटर नसेल तर जुनी युक्ती: मोटर मोकळी असताना दांडा बोटांनी फिरवा, सहज फिरेल. आता कुठल्याही दोन वायरी एकमेकींना टेकवा. दांडा अडखळत, खाचाखाचांतून फिरल्यासारखा जड झाला तर ती जोडी बरोबर आहे.

रंगांवर विसंबू नका. अनेक मोटरींत काळा-हिरवा एक जोडी आणि लाल-निळा दुसरी असते, पण बाजारात सुट्या मिळणाऱ्या केबलींत मधल्या दोन वायरींची अदलाबदल केलेली असते. मोटर बरोबर, शील्ड बरोबर, केबल घात करते. केबलच्या शील्डकडच्या टोकाला मोजा, म्हणजे सगळ्याचा एकदम निकाल लागतो.

मोटर उलटी फिरत असेल तर तो बिघाड नाही. एकाच गुंडाळीच्या दोन वायरी आपसांत बदला, नाहीतर जीआरबीएलमध्ये $३ बदला.

याच पायरीवर एक तपासणी, जी मला खूप उशिरा कळली. यंत्र पूर्ण बंद, मोटर ड्रायव्हरला जोडलेली. दांडा हळूच फिरवून बघा. जड लागतोय? आता पिन काढून पुन्हा फिरवा. पिन काढल्यावर हलका झाला, तर ड्रायव्हरच्या आत काहीतरी शॉर्ट झालंय. विजेशिवाय करता येणारी ड्रायव्हरची इतकी सोपी परीक्षा दुसरी नाही. फक्त दांडा गरागरा फिरवू नका. फिरवलेली मोटर वीज तयार करते आणि ती ड्रायव्हरमध्ये उलटी शिरते.

पायरी ४: ड्रायव्हर कसा बसवलाय, जंपर किती, प्रवाह किती

सगळ्यात महाग चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

*दिशा.* शील्डच्या प्रत्येक खाचेच्या कोपऱ्यात ‘ईएन’ छापलंय, ड्रायव्हरच्या पट्टीवरही. ती दोन अक्षरं एकाच कोपऱ्यात यायला हवीत. प्रवाह ठरवायचा छोटा गोल स्क्रू बघून दिशा ठरवू नका, कारण ए-४९८८ आणि डीआरव्ही-८८२५ वर तो विरुद्ध टोकांना असतो. एकाच्या जागी दुसरा आणून ‘आधीच्यासारखाच’ बसवला की उलटा बसतो. उलट्या ड्रायव्हरच्या दिशेच्या पिनेवर मोटरीचे २४ व्होल्ट जातात. चिप जाते, आणि कधीकधी आर्डुइनोलाही सोबत घेऊन जाते.

*जंपर.* ड्रायव्हरच्या खाली, खाचेत, तीन छोट्या जंपरांच्या जागा असतात. तिन्ही लावले तर ए-४९८८ मोटरच्या एका पूर्ण टप्प्याचे, म्हणजे स्टेपचे, १६ तुकडे करतो. तेच तिन्ही जंपर ठेवून वर डीआरव्ही-८८२५ बसवलात तर तो ३२ तुकडे करतो. मग १०० मिलिमीटर सांगितलं की यंत्र ५० च जातं. डीआरव्हीवर १६ हवे असतील तर फक्त एम-२ चा जंपर ठेवा. ड्रायव्हर बदलल्यावर ‘माप निम्मं झालं’ अशी तक्रार आली की मी आधी पट्टी उचलून खाली बघतो.

*प्रवाह.* त्या छोट्या गोल स्क्रूवर जो व्होल्टेज मिळतो त्याला व्हीरेफ म्हणतात आणि त्यावरून मोटरीला किती प्रवाह जाईल ते ठरतं. ए-४९८८ चं गणित:

व्हीरेफ = प्रवाह × ८ × सेन्स रेझिस्टर

सेन्स रेझिस्टर म्हणजे चिपच्या शेजारचे दोन काळे चौकोनी तुकडे. भिंगातून त्यावरचं बघा. आर-१०० म्हणजे ०.१ ओहम, आर-०५० म्हणजे ०.०५, आर-०६८ म्हणजे ०.०६८. एक अँपियर हवा असेल तर आर-१०० च्या पट्टीवर व्हीरेफ ०.८ व्होल्ट, आर-०५० च्या पट्टीवर फक्त ०.४.

मला एकाच पिशवीतून आलेल्या तीन पट्ट्यांत दोन आर-१०० आणि एक आर-०५० निघाली होती. लाल रंग तोच, चिप तीच. तिन्हींवर ०.८ लावून बसलो असतो तर एकीतून दोन अँपियर गेले असते. हीटसिंक आणि पंख्याशिवाय ए-४९८८ साधारण एक अँपियर झेपवतो. दोन ही त्याची टोकाची मर्यादा, तीही चांगला थंडावा मिळत असेल तर. म्हणजे ती एक पट्टी सारखी तापून बंद पडली असती आणि मी मोटरीला दोष देत राहिलो असतो. तेव्हा इंटरनेटवर कुणी ‘व्हीरेफ अमुक ठेवा’ म्हणून नुसता आकडा दिला तर त्याच्या पट्टीवर कुठला रेझिस्टर होता ते आधी विचारा.

डीआरव्ही-८८२५ चं गणित सोपं: ०.१ ओहमचा रेझिस्टर असेल तर प्रवाह व्हीरेफच्या दुप्पट. एका अँपियरला ०.५ व्होल्ट.

मोजायची रीत: मोटरी काढून ठेवा (वीज बंद असताना). मल्टिमीटरची काळी तार शील्डच्या ग्राउंडला, लाल तार गोल स्क्रूच्या धातूला. ए-४९८८ ला नुसती यूएसबीची वीज पुरते. डीआरव्ही-८८२५ आपला संदर्भ व्होल्टेज मोटरीच्या विजेतून तयार करतो, त्यामुळे २४ व्होल्ट चालू केल्याशिवाय तिथे शून्यच दिसेल. शून्य दिसलं म्हणून एका मित्राने दोन चांगले डीआरव्ही कचऱ्यात टाकले होते. मी ते उचलून आणले, अजून वापरतोय.

स्क्रू एका वेळी घड्याळाच्या पाच मिनिटांएवढाच फिरवा आणि पुन्हा मोजा. धातूचं टोक निसटून शेजारच्या पायाला लागलं तर ड्रायव्हरला तिथेच नमस्कार.

मोटरीवर १.५ अँपियर लिहिलंय म्हणून ए-४९८८ कडून १.५ मागू नका. ०.९ ते १ वर सुरुवात करा. मोटर हाताला कडक गरम लागणं स्टेपरच्या बाबतीत नेहमीचंच आहे, तिला घाबरायचं नाही. खरी काळजी ड्रायव्हरची. त्याच्या आतलं तापमान साधारण १६५ अंशांवर गेलं की तो स्वतः बंद होतो, थोडा निवला की पुन्हा सुरू. मोटर मध्येच ढिली पडते, मग परत पकड घेते, ते यामुळे. हीटसिंक चिकटवा, वर छोटा पंखा लावा. हीटसिंक सरकून दोन्हीकडच्या पिनांना टेकत नाही ना, तेही बघा. उन्हाळ्यात पातळ गोंदाच्या पट्टीवरचा हीटसिंक खाली घसरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पायरी ५: अदलाबदल

एकच पायरी वाचायची असेल तर ही वाचा. समजा वाय अक्ष बिघडलाय आणि एक्स ठीक आहे.

१. यंत्र बंद. प्लग बाहेर. मिनिटभर थांबा.
२. दोन्ही ड्रायव्हरांवर चिकटपट्टी लावून ‘एक्स’ आणि ‘वाय’ लिहा. न लिहिता काढलेत तर दहा मिनिटांत कुठला कुठला ते विसराल.
३. ड्रायव्हरांची जागा बदला. ‘ईएन’ कोपरा बघून. बाकी काही हलवू नका.
४. चालू करून दोन्ही अक्ष १० मिलिमीटर पुढे-मागे हलवा.

आता बिघाड एक्सवर गेला, तर ड्रायव्हर दोषी. संशय संपला, नवा घ्या. बिघाड वायवरच राहिला, तर ड्रायव्हर निर्दोष. मग पुन्हा यंत्र बंद करा आणि या वेळी फक्त मोटरींच्या पिना बदला: वायची मोटर एक्सच्या जागी, एक्सची वायच्या. एक्सचा हुकूम दिल्यावर वायची मोटर अडखळली, तर मोटर, तिची केबल किंवा त्या अक्षाचा लोखंडाचा भाग. वायचा हुकूम दिल्यावर एक्सची चांगली मोटर अडखळली, तर शील्ड, आर्डुइनो किंवा सेटिंग.

या वेळी अक्ष उलटेसुलटे हलतील, म्हणून टूल वर उचलून ठेवा आणि टेबल मधोमध आणा. माझ्या घसरलेल्या शिरोरेषेच्या वेळी हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं की दोन्ही अदलाबदलींत बिघाड वायलाच चिकटून राहतो, आणि मोटरही बदलून बघितल्यावर उरतो फक्त लोखंडाचा भाग. पण मी बाजारात गेलो होतो.

वायला दोन मोटरी असलेल्या यंत्रांत चौथी खाच जंपर लावून वायची नक्कल करते. तिथे दोघींपैकी एक उलट फिरली तर दोघी एकमेकींशी कुस्ती खेळतात आणि टेबल तिरकं होतं. एकीच्या एका गुंडाळीच्या वायरी बदलल्या की समझोता होतो.

पायरी ६: जीआरबीएलची सेटिंगं

सेंडर प्रोग्रॅममध्ये (संगणकावरून आज्ञा पाठवणाऱ्या) $$ टाइप करा. आलेली यादी आहे तशी कॉपी करून ठेवा, मगच हात लावा.

$१ हा मोटर थांबल्यावर किती मिलिसेकंदांनी सोडून द्यायची त्याचा आकडा. मूळचा २५ असतो, म्हणजे अक्ष थांबला की लगेच मोटर मोकळी. दांडा हाताने फिरतोय बघून नवखा म्हणतो, ‘ड्रायव्हर मेला.’ मेला नाही, झोपलाय. $१=२५५ केलं की मोटरी कायम पकड धरून ठेवतात. कोरकामाला मी २५५ च ठेवतो, कारण मोकळी सोडलेली मोटर जवळच्या पूर्ण स्टेपवर उडी मारते आणि बारीक जागा चुकते. बदल्यात मोटरी जास्त तापतात.

$१०० ते $१०२ म्हणजे एका मिलिमीटरला किती स्टेप. मोटरीला एका फेऱ्याला २०० स्टेप, १६ तुकडे म्हणजे ३२००. एका फेऱ्यात नट ४ मिलिमीटर सरकत असेल तर ३२०० ÷ ४ = ८००. ८ मिलिमीटर सरकत असेल तर ४००, २ असेल तर १६००. टी-८ नावाचा लीडस्क्रू या तिन्ही प्रकारांत मिळतो. एक फेरा फिरवून पट्टीने मोजा.

उनोवरचं जीआरबीएल सेकंदाला साधारण ३०,००० स्टेपपर्यंतच पाठवू शकतं. १६०० स्टेप असलेल्या अक्षाला मिनिटाला १२०० मिलिमीटर वेग सांगितला तर सेकंदाला ३२,००० लागतात. ते होणार नाही.

आज्ञा स्वीकारली जाते पण काहीच हलत नाही, तेव्हा चुकून तपासणी मोड चालू झालाय का बघा. $सी टाइप केलं की तो चालू होतो, पुन्हा टाइप केलं की बंद. ‘अलार्म’ दिसत असेल तर कारण शोधून मग $एक्स ने सोडवा.

आर्डुइनोकडून संकेत निघतोय का, हे मल्टिमीटरनेही ओळखता येतं. वायची स्टेप पिन डी-३, दिशा डी-६, आणि एनेबल सगळ्यांची मिळून डी-८. एनेबलवर मोटर चालू असताना शून्याजवळ आणि झोपलेली असताना ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. दिशेच्या पिनेवर अक्ष पुढे-मागे करताना ० आणि ५ आलटूनपालटून. स्टेपचे ठोके १० मायक्रोसेकंदांचे, त्यामुळे मीटर फक्त सरासरी दाखवतो: ८०० स्टेप आणि मिनिटाला ५०० मिलिमीटर वेगाला साधारण ०.३ व्होल्ट. आकडा छोटा दिसला म्हणून घाबरू नका. थांबलेलं असताना शून्य आणि धावताना ०.३, इतकं दिसलं की आर्डुइनो सुटला.

पायरी ७: जागा चुकतेय

आता माझी पाटी. मोटर फिरते, आवाज ठीक, तरी शिरोरेषेला पायरी. आधी मार्कर घ्या आणि मोटरच्या दांड्यावर, कपलरवर आणि लीडस्क्रूवर अशी एकच सरळ रेघ ओढा, तिन्हींवरून जाणारी. पंधरा मिनिटं काम करू द्या. रेघ तुटली, म्हणजे दांड्यावरचा तुकडा आणि कपलरवरचा तुकडा जुळत नाहीत, तर कपलर घसरतोय. ड्रायव्हरचा काही संबंध नाही. ग्रब स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवर आणून आवळा.

रेघ शाबूत आहे तरी जागा चुकते, तर स्टेप सुटतायत. वीज बंद करून लीडस्क्रू हाताने सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. एका ठिकाणी जड लागला तर तिथे स्क्रू वाकडा आहे, नट तिरका आवळलाय किंवा भुसा अडकलाय. एमडीएफचा भुसा आणि पावसाळी हवा मिळून लीडस्क्रूवर पिठाच्या लगद्यासारखा थर बसतो. ब्रशने साफ करा, हलकं तेल द्या.

मग $१२० ते $१२२ (वेग किती झपाट्याने वाढवायचा) आणि $११० ते $११२ (कमाल वेग) दोन्ही निम्मे करा. चूक थांबली तर आधीचे आकडे मोटरीच्या ताकदीबाहेरचे होते. थोडं थोडं वाढवत जा. न थांबल्यास व्हीरेफ थोडा वाढवून बघा, पण ड्रायव्हरचं तापमान बघत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची.

पायरी ८: डब्यातले ड्रायव्हर

टीबी-६६०० आणि डीएम-५४२ ला पल्स, दिशा आणि एनेबल अशा तीन जोड्या असतात, प्रत्येकीला अधिक आणि उणे. नव्या माणसाने एनेबलची जोडी मोकळीच सोडावी. मोकळी म्हणजे ड्रायव्हर चालू. तिथून प्रवाह गेला की ड्रायव्हर बंद होतो, शील्डच्या तर्काच्या बरोबर उलट वाटावं असं. ‘सगळ्या वायरी नीट जोडल्या तरी मोटर मुकी’ या तक्रारीवर एनेबलच्या दोन वायरी काढणं हा माझा पहिला उपाय असतो.

बाजूच्या छोट्या स्विचांनी तुकडे आणि प्रवाह ठरतो. तक्ता डब्यावरच छापलेला असतो. स्विच वीज बंद करूनच बदला. डीएम-५४२ च्या तक्त्यात शिखर प्रवाह आणि सरासरी प्रवाह असे दोन रकाने असतात, त्यांच्यात सुमारे १.४ पटीचा फरक असतो. मोटरीच्या लेबलचा आकडा कुठल्या रकान्यात बघताय ते ध्यानात ठेवा.

आता खरंच नवा घ्यायचा असेल

चिपवर खड्डा किंवा फुगवटा, जळका वास, पायरी ३ मधला जड दांडा, किंवा पायरी ५ मध्ये बिघाडाने ड्रायव्हरचा पाठलाग करणं: यांपैकी काही दिसलं तरच नवा आणा. तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दुकानातच मोबाइलच्या कॅमेऱ्याने सेन्स रेझिस्टरवरचा आकडा मोठा करून बघा आणि जुन्याशी जुळणाराच घ्या. एक जास्तीचा घेऊन ठेवा. लावण्याआधी त्याचा व्हीरेफ नव्याने मोजा. कारखान्यातून स्क्रू कुठेही फिरलेला येतो.

सगळं जुळलं की भंगारातल्या एमडीएफवर शिरोरेषेसारखी लांब आडवी रेघ तीन फेऱ्यांत कोरा, प्रत्येक फेरीनंतर यंत्राला चारी कोपऱ्यांत एकदा पळवून आणून. रेघेवरून नख फिरवा. डोळ्याला न दिसणारी पायरी नखाला लागते. लागली तर मार्करची रेघ पुन्हा बघा, पाटीचं सागवान अजून बाहेर काढू नका.